आज्ञा आणि विधान : शून्यज्ञान-सिद्धतांसाठी रचलेल्या संगणक-भाषा

१

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे चार अर्थ मानले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘रामा दार लावतो’ ह्या वाक्यात एका गोष्टीचे कथन आहे. ‘रामा, दार लाव’ ह्या वाक्यात आज्ञा आहे. पहिले वाक्य खरे किंवा खोटे असू शकते. दुसऱ्याविषयी तसा प्रश्नच संभवत नाही. आज्ञा पाळली जाईल किंवा मोडली जाईल. ती खोटी ठरणार नाही. हा भेद शाळेतील विद्यार्थ्यासही ठाऊक असतो, आणि कदाचित म्हणूनच त्याकडे पुन्हा वळून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही.

संगणकासाठी ज्या कृत्रिम भाषा रचल्या गेल्या त्यांपैकी बहुतेक आज्ञार्थाच्या भाषा होत. १९५७ साली प्रचारात आलेल्या फोर्ट्रानपासून आजच्या पायथनपर्यंत आज्ञावलीचा सर्वसाधारण घाट एकच आहे : हे घे, ह्यात ते मिळव, उत्तर अमुक ठिकाणी ठेव. प्रोलॉगसारखे अपवाद आहेत, परंतु ते अपवादच. २०१० नंतरच्या काळात मात्र ह्या घाटात न बसणारे एक नवे भाषाकुल उदयास आले. ज्यास इंग्रजीत ‘झीरो-नॉलेज प्रूफ’ म्हणतात त्या शून्यज्ञान-सिद्धता लिहिण्यासाठी ह्या भाषांची योजना झालेली आहे. त्यांतील एकाच ओळीस पुष्कळदा दोन कामे करावी लागतात. एक, यंत्रास आज्ञा देणे. दुसरे, परक्या माणसापुढे काही विधान करणे. ही दोन कामे एकरूप आहेत असे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आणि वस्तुतः ती एकरूप नसली, तर जो दोष उत्पन्न होतो तो बाहेरून कोणासही दिसत नाही. हा दोष कसा उद्भवतो, आणि निरनिराळ्या भाषांनी त्याच्या परिहारासाठी कोणते मार्ग योजिले, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

प्रथम शून्यज्ञान-सिद्धतेची कल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. सामान्य सिद्धता ऐकणाऱ्यास केवळ खात्री देत नाही, ज्ञानही देते. एखाद्याने कोड्याचे उत्तर आपल्याजवळ असल्याचे सिद्ध करण्यासाठी ते उत्तरच दाखविले, तर ऐकणाऱ्याची खात्री पटते, परंतु उत्तरही त्याच्या हाती जाते. खात्री द्यावी आणि ज्ञान मात्र देऊ नये, असे करता येईल काय? हा प्रश्न शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ ह्यांनी १९८५ साली शास्त्रीय रीतीने मांडला. अशा सिद्धतेकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. विधान खरे असल्यास प्रामाणिक सिद्धकर्त्यास पडताळकाची खात्री पटविता आली पाहिजे, ही पूर्णता. विधान खोटे असल्यास लबाड सिद्धकर्त्यास, अगदी नगण्य संभव वगळता, ते पटविता येता कामा नये, ही दृढता. आणि विधान खरे आहे ह्यापलीकडे पडताळकास काहीही कळू नये, ही शून्यज्ञानता.

१९८६ साली ओडेड गोल्डराइख, मिकाली आणि आवी विग्डरसन ह्यांनी दिलेले उदाहरण ह्या संदर्भात प्रसिद्ध आहे. समजा, एक नकाशा तीन रंगांत असा रंगविता येतो की सीमा लागून असलेल्या कोणत्याही दोन प्रदेशांचा रंग एक होत नाही. सिद्धकर्त्यास ही रंगयोजना ठाऊक आहे. तो तिन्ही रंगांची आपसात यदृच्छेने अदलाबदल करतो, नकाशा रंगवितो आणि प्रत्येक प्रदेश झाकून ठेवतो. पडताळक कोणतीही एक सीमा निवडतो. तिच्या दोन बाजूंचे दोनच प्रदेश उघडले जातात आणि तेथे दोन भिन्न रंग दिसतात. मग नकाशा मिटून, रंगांची पुन्हा अदलाबदल करून हाच प्रयोग पुन्हा करावयाचा. दर खेपेस रंग नव्याने बदलले असल्यामुळे पडताळकास दोन वेगळे रंग दिसण्यापलीकडे काहीच हाती लागत नाही. नकाशात १०० सीमा असतील आणि सिद्धकर्ता लबाड असेल, तर किमान एका सीमेवर त्याची चूक असणारच. म्हणजे एका खेपेस निसटून जाण्याचा संभव फार तर १०० पैकी ९९. परंतु १,००० खेपांत दर वेळी निसटण्याचा संभव सुमारे २३,००० त एक इतका उरतो.

ह्या त्रयीने असेही दाखविले की, ज्या ज्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्यावर ते लवकर पडताळता येते, त्या त्या प्रश्नासाठी अशी सिद्धता रचता येते. एकतर्फी फलने अस्तित्वात आहेत एवढेच त्यासाठी गृहीत धरावे लागते. त्याच वर्षी अमोस फियाट व आदी शामीर ह्यांनी पडताळकाच्या यादृच्छिक प्रश्नांची जागा एका हॅश-फलनास देण्याची युक्ती सुचविली, आणि प्रश्नोत्तराचे सत्र जाऊन सिद्धता एका लिखित दस्तऐवजाच्या रूपात देता येऊ लागली. पुढे ती अतिशय आखूडही झाली. २०१६ साली येन्स ग्रोथ ह्यांनी दिलेल्या पद्धतीत सिद्धतेत तीनच बीजगणितीय घटक असतात आणि मूळ गणना कितीही मोठी असली तरी ती सुमारे दोनशे बाइटांत मावते.

३

सिद्धता लहान झाली, परंतु सिद्ध करावयाचे विधान तिला मानवेल अशा रूपात मांडण्याचे काम शिल्लक राहिले. ते रूप बरेच कडक असते. सर्वांत प्रचलित पद्धतीत संपूर्ण विधान अशा समीकरणांत मांडावे लागते की, प्रत्येक समीकरणात दोन रेषीय पदावल्यांचा गुणाकार तिसऱ्या रेषीय पदावलीबरोबर असेल. बेरीज हवी तितकी; गुणाकार मात्र प्रत्येक समीकरणात एकच. अशा समीकरणांच्या समुच्चयास ‘सर्किट’ म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या समीकरणांस येथे ‘बंधने’ म्हटले आहे, आणि ती सर्व एकाच वेळी सत्य करणाऱ्या संख्यांच्या संचास ‘साक्ष’.

शिवाय ह्या संख्या नेहमीच्या संख्या नव्हेत. सर्व गणित एका प्रचंड मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांचे असते. सर्कम ह्या भाषेत सामान्यतः वापरली जाणारी ही मूळ संख्या ७७ अंकी आहे. अशा सान्त क्षेत्रात अपूर्णांक नसतात. १/२ म्हणजे ज्याची दुप्पट केल्यास बाकी १ उरते ती पूर्ण संख्या. ऋण संख्याही नसतात. शून्यातून एक वजा केल्यास क्षेत्रातील सर्वांत मोठी संख्या हाती येते. त्यामुळे ‘शिल्लक १०० असताना १०१ काढले’ हा व्यवहार केवळ वजाबाकीच्या बंधनाने लिहिला, तर खातेदार कर्जबाजारी न होता कुबेर होतो. ‘अधिक’ आणि ‘उणे’ ह्या कल्पना येथे स्वयंसिद्ध नाहीत. संख्येचे द्विमान अंक वेगळे काढून, प्रत्येक अंक ० किंवा १ च आहे असे बंधन घालून, आणि त्या अंकांची स्थानपरत्वे बेरीज मूळ संख्येइतकी होते असे दुसरे बंधन घालून, मगच लहानमोठेपणा ठरविता येतो.

‘जर-तर’ची स्थितीही अशीच आहे. समीकरणांस वाट बदलता येत नाही. म्हणून दोन्ही शाखांचे गणित करून ठेवावे लागते आणि ० किंवा १ असलेल्या एका संख्येने गुणून त्यांतील एक फल निवडावे लागते. आवर्तनांची संख्याही आधीच ठरलेली असावी लागते. ह्या साऱ्याचा परिणाम खर्चावर होतो. सर्वत्र रूढ असलेल्या एसएचए-२५६ ह्या हॅश-फलनाचे एक आवर्तन लिहिण्यास सुमारे २५ ते ३० हजार बंधने लागतात, कारण ते फलन द्विमान अंकांची उलटापालट करण्यासाठी रचले गेले होते. क्षेत्रातील बेरीज-गुणाकार डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या पोसायडन ह्या फलनास काही शेकडा बंधने पुरतात. बोलीच्या सोयीसाठी विषयच बदलावा, तसा हा प्रकार आहे.

एवढे सारे हाताने लिहिणे अशक्यप्राय असल्यामुळे भाषांची गरज निर्माण झाली. २०१३ सालच्या पिनोकिओ ह्या प्रकल्पात सी भाषेच्या एका मर्यादित अंशाचे रूपांतर बंधनांत करणारा कंपायलर होता. २०१८ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील याकोब एबरहार्ट व श्टेफान ताई ह्यांनी झोक्राटेस ही भाषा मांडली. सर्कम ही जोर्डी बायलिना व त्यांच्या आयडेन-थ्री ह्या संघाची निर्मितीही त्याच सुमाराची. आज ह्या क्षेत्रात सर्वांत अधिक अभ्यासिली गेलेली भाषा तीच असल्यामुळे पुढील विवेचनासाठी ती आधारभूत मानली आहे.

४

सर्कममध्ये ज्या संख्यांवर बंधने घालावयाची त्यांस ‘सिग्नल’ म्हणतात. सिग्नलांसंबंधी तीन चिन्हे महत्त्वाची आहेत. ‘<--’ हे चिन्ह केवळ आज्ञा देते : उजवीकडील मूल्य काढ आणि डावीकडील सिग्नलास दे. ‘===’ हे चिन्ह केवळ विधान करते : दोन्ही बाजू समान आहेत. ‘<==’ हे चिन्ह दोन्ही कामे एकदम करते. आज्ञा सिद्धकर्त्याच्या यंत्रासाठी असते; विधान पडताळकासाठी. सिद्धतेत केवळ विधाने उतरतात. आज्ञा सिद्धकर्त्याच्या घरातच राहते, आणि ती त्याने पाळली की नाही हे पडताळकास कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

तिसरे चिन्ह इतके सोयीचे असताना पहिल्याची गरजच काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. ह्याचे उत्तर अंकगणिताच्या जुन्या शिकवणीत सापडते. भागाकार करणे कष्टाचे, त्याचा ताळा पाहणे सोपे. भाजक आणि भागाकार ह्यांचा गुणाकार करून त्यात बाकी मिळविली की भाज्य आले पाहिजे. भागाकार कोणत्या रीतीने केला ह्याची चौकशी ताळा करीत नाही. सर्किटास भागाकार करता येत नाही, परंतु ताळा पाहता येतो. म्हणून उत्तर आज्ञेने काढावयाचे आणि त्याचा ताळा विधानाने मांडावयाचा, ही ह्या भाषेतील लेखनाची मुख्य रीत होय.

एक छोटे उदाहरण घेऊ. दिलेली संख्या शून्य आहे की नाही हे सांगणारा घटक सर्कमच्या सामायिक संग्रहात आहे. संख्या शून्य असल्यास त्याचे फल १ यावे, नसल्यास ० यावे. मूळ नावांच्या जागी मराठी अक्षरे योजून त्याचा गाभा असा मांडता येईल :

व <-- क्ष शून्य नसल्यास १/क्ष, अन्यथा ०
फ <== १ − क्ष × व
क्ष × फ === ०

पहिल्या ओळीत केवळ आज्ञा आहे. व्यस्त काढणे हा भागाकार असल्यामुळे तो बंधनात बसत नाही. पडताळकाच्या दृष्टीने ही ओळ अस्तित्वातच नाही. व म्हणजे सिद्धकर्त्याने आणलेली कोणतीही संख्या. आता उरलेल्या दोन बंधनांचे बल पाहावे. क्ष शून्य असेल तर दुसऱ्या ओळीवरून, व काहीही असला तरी, फ हा १ च येतो. क्ष शून्य नसेल तर तिसऱ्या ओळीवरून फ शून्य असणे भाग आहे, आणि मग दुसऱ्या ओळीमुळे व हा क्ष चा खरा व्यस्तच असावा लागतो. दोन विधानांनी मिळून आज्ञेचा पूर्ण ताळा घेतला.

आता तिसरी ओळ लिहावयाची राहून गेली असे समजू. प्रामाणिक सिद्धकर्त्याच्या बाबतीत काहीच बिघडत नाही. तो ५ ही संख्या देतो, यंत्र पाचाचा व्यस्त काढते, फल शून्य येते. शून्य दिल्यास फल १ येते. शंभर चाचण्या घेतल्या तरी शंभरही बरोबर उतरतील. परंतु लबाड सिद्धकर्ता पहिली आज्ञा पाळण्यास बांधलेला नाही. तो व च्या जागी ० घालतो. दुसऱ्या ओळीवरून फ हा १ येतो. आणि ‘पाच म्हणजे शून्य’ ह्या विधानाची गणितदृष्ट्या निर्दोष सिद्धता तयार होते. त्याने व ची निवड दुसरी केली तर फ ची वाटेल ती किंमत आणता येईल. सिद्धतेच्या यंत्रणेने येथे कोणतीही चूक केलेली नाही. जी विधाने लिहिली होती ती सत्यच होती. लिहावयाचे होते ते विधान मात्र लिहिलेच गेले नव्हते.

५

न्यायशास्त्राच्या अभ्यासकास हा दोष अपरिचित वाटणार नाही. लक्षणाचे तीन दोष तेथे सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाईचे लक्षण ‘कपिल वर्ण’ असे केले तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ असे केले तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ती. ‘एकच खूर असणे’ असे केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. सर्किट म्हणजे वस्तुतः साक्षीचे लक्षण होय. बंधने फाजील झाली तर खऱ्या साक्षीही नाकारल्या जातात, आणि फारच फाजील झाली तर कोणतीच साक्ष उरत नाही. हे दोष पहिल्याच वापरात उघडकीस येतात, कारण प्रामाणिक मनुष्य अडतो व तक्रार करतो. बंधने अपुरी पडली तर मात्र खोट्या साक्षीही आत येतात, आणि तेथे तक्रार करणारे कोणीच नसते. साक्ष गुप्त ठेवणे हेच ह्या विद्येचे प्रयोजन असल्यामुळे, आत आलेली म्हैस कोणास दिसतही नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ह्याचे एक बोलके उदाहरण घडले. इथेरियम ह्या जाळ्यावर टॉर्नेडो कॅश नावाची एक व्यवस्था होती. तीत ठेव ठेवणारा आपल्या ठेवीचा एक हॅश-ठसा नोंदवीत असे. सर्व ठसे दोन-दोन करून एकत्र आणले जात आणि शेवटी एकच मूळ ठसा उरे. पैसे काढताना ‘ह्या मूळ ठशाखाली माझी एक ठेव आहे’ एवढेच सिद्ध करावयाचे; ती कोणती, हे सांगावयाचे नाही. हा ठसा काढणारा घटक सामायिक संग्रहातून घेतलेला होता, आणि त्याच्या अखेरच्या भागात फल बाहेर देणाऱ्या ओळीत ‘<==’ ऐवजी ‘=’ हे चिन्ह पडलेले होते. परिणामी मूल्य दिले जात होते, पण बंधन पडत नव्हते. ठशाचे संपूर्ण गणित बरोबर होते. बाहेर पडणारी संख्या तेवढी त्या गणिताशी बांधलेली नव्हती. म्हणून कोणासही मनास येईल तो ठसा ‘फल’ म्हणून पुढे करता आला असता, आणि न ठेवलेली ठेव काढता आली असती. दोष ध्यानात आल्यावर ती व्यवस्था चालविणाऱ्या संघानेच त्याचा उपयोग करून ठेवी काढून घेतल्या व सुरक्षित केल्या, आणि नंतर ती गोष्ट जाहीर केली.

भाषेच्या दृष्टीने ह्या घटनेतील एक बाब लक्षणीय आहे. ध्वनिविचारात एकाच घटकाने भिन्न असलेल्या दोन शब्दांस लघुतम युग्म म्हणतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ ही मराठीतील परिचित जोडी. सर्कमची ही चिन्हे म्हणजे असेच लघुतम युग्म होय. परंतु नैसर्गिक भाषेत अशा जोडीतील चूक बहुधा खपून जात नाही, कारण लिंग, वचन, विभक्ती आणि प्रसंग ह्यांत एकच माहिती अनेकवार सांगितलेली असते, आणि ऐकणारा तिच्या आधारे चूक दुरुस्त करून घेतो. ह्या कृत्रिम लेखनात तशी पुनरुक्ती मुळीच नाही. चिन्हातील फरक हाच अर्थातील संपूर्ण फरक, आणि प्रामाणिक वापरात तो फरक कधीच प्रकट होत नाही. पुढे सर्कमच्या दुसऱ्या आवृत्तीत सिग्नलास ‘=’ ने मूल्य देण्याची वाट बंद करण्यात आली. ‘<--’ मात्र राहिले, कारण त्यावाचून ताळ्याची रीतच चालत नाही.

ही एकटीदुकटी घटना नव्हे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात ह्या प्रकारच्या सिद्धता-व्यवस्थांतील १४१ प्रत्यक्ष दोषांची छाननी करण्यात आली. सर्किटाच्या पातळीवरील दोषांपैकी बहुतेक सर्व अपुऱ्या बंधनांचे होते.

६

ह्या अडचणीतून निघण्यासाठी भाषाकारांनी जे मार्ग काढले त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला मार्ग आज्ञा आणि विधान ही दोन्ही लेखकाच्या हातून काढून घेऊन एकाच वाक्यात विलीन करण्याचा. झोक्राटेसमध्ये लेखक नेहमीच्या आज्ञावलीसारखे लिहितो, आणि प्रत्येक क्रियेची आज्ञा व तिचे बंधन ही दोन्ही कंपायलर स्वतः निर्माण करतो. त्यामुळे नवख्याच्या हातून बंधन निसटण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. परंतु ताळ्याची जी काटकसर कुशल लेखक साधतो, ती कंपायलरला दर वेळी साधेलच असे नाही.

दुसरा मार्ग भेद ठेवण्याचा, पण तो ठसठशीतपणे उच्चारावयास लावण्याचा. २०२२ साली पुढे आलेल्या न्वार ह्या भाषेत सामान्य लेखन बंधनयुक्तच असते. केवळ आज्ञा असलेले फलन लिहावयाचे तर त्यावर ‘अनकन्स्ट्रेन्ड’, म्हणजे ‘बंधनमुक्त’, असा शब्द घालावा लागतो. बंधनयुक्त लेखनातून असे फलन बोलवावयाचे, तर ती जागा ‘अनसेफ’, म्हणजे ‘असुरक्षित’, अशा शब्दाने वेढावी लागते, आणि ते तेथे का चालते ह्याची टीपही लिहावी अशी अपेक्षा असते. सर्कममध्ये जो भेद दोन रेघांचा होता तो येथे दोन सबंध शब्दांचा झाला. ह्याने चूक अशक्य होत नाही. पण कोठे पाहावयाचे हे परीक्षकास एका नजरेत कळते.

तिसरा मार्ग सर्किट एकदाच लिहून ठेवण्याचा. प्रत्येक विधानासाठी नवी समीकरणे न मांडता एका संपूर्ण गणनयंत्राचीच समीकरणे मांडावयाची, आणि मग त्या यंत्रावर कोणतीही आज्ञावली चालवून ‘यंत्र बरोबर चालले’ एवढेच सिद्ध करावयाचे. स्टार्कवेअर ह्या संस्थेची २०२० सालची कैरो ही भाषा ह्या मार्गाची. तिच्या आरंभीच्या रूपात लेखकास पायथनमध्ये ‘सूचना’ लिहून ठेवता येत. त्या सिद्धकर्त्याने पाळाव्यात अशी केवळ अपेक्षा असे, आणि त्यामुळे जुना धोका नव्या नावाने कायम राहिला होता. भाषेच्या पुढील रूपात ही सोय सामान्य लेखकाच्या हातून काढून घेण्यात आली आणि सिएरा नावाची एक मध्यस्थ भाषा आणण्यात आली.

सिएराचे प्रयोजन भाषाशास्त्रीय दृष्ट्या उद्बोधक आहे. जुन्या कैरोमध्ये एखादी अट खोटी ठरली तर सिद्धताच तयार होत नसे. असत्य विधानाची सिद्धता नसावी हे योग्यच. परंतु त्यामुळे ‘हा व्यवहार करून पाहिला आणि तो फसला’ हे सत्य विधानही सिद्ध करता येत नसे. फसलेल्या व्यवहारावर खर्च झालेल्या श्रमांचे मूल्य मग कोणाकडून घ्यावयाचे, हा अगदी व्यावहारिक प्रश्न त्यातून उभा राहिला. सिएरामध्ये प्रत्येक अट दोन वाटांच्या रूपात मांडली जाते, आणि फसणे ही देखील सिद्ध करण्याजोगी एक घटना ठरते. भाषेस नकारार्थी वाक्य लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्याच मार्गाने आणखी पुढे जाऊन रिस्क-फाइव्ह ह्या सर्वपरिचित यंत्रभाषेचीच समीकरणे मांडणाऱ्या व्यवस्था २०२२ नंतर निर्माण झाल्या. तेथे लेखक रस्टसारख्या रूढ भाषेत लिहितो आणि बंधनांचा विचारही करीत नाही. त्याची किंमत सिद्धतेच्या श्रमांत मोजावी लागते. आणि जबाबदारी नाहीशी होत नाही. ती यंत्राची समीकरणे लिहिणाऱ्या मोजक्या लोकांकडे जाते. त्यांच्या हातून एक बंधन सुटले, तर त्या यंत्रावर चाललेली प्रत्येक आज्ञावली एकदमच अविश्वसनीय होते.

भाषेबाहेरील एक उपायही नमूद केला पाहिजे. लिहून झालेल्या सर्किटास असा प्रश्न विचारता येतो : बाहेरून आलेल्या संख्या त्याच ठेवून दोन भिन्न फले देणाऱ्या दोन साक्षी संभवतात काय? संभवत असतील, तर सर्किट द्व्यर्थी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात ही द्व्यर्थता यांत्रिक रीतीने शोधण्याची पद्धत दिली आहे. तिच्या कर्त्यांनी सर्कममधील १६३ सर्किटे तपासली आणि पूर्वी कोणाच्या ध्यानात न आलेले ८ दोष शोधून काढले. वाक्याच्या द्व्यर्थतेचा विचार व्याकरणास नवा नाही. येथे तो एका निश्चित गणिती प्रश्नाच्या रूपाने उभा आहे, इतकेच.

७

हा विषय केवळ आभासी नाण्यांच्या व्यवहारापुरता आहे असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. आधारपत्रावरील क्यूआर-चौकटीत धारकाच्या माहितीबरोबर प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. ॲनॉन आधार ह्या मुक्त-स्रोत प्रकल्पात ही स्वाक्षरी खरी आहे हे सर्कममध्ये लिहिलेल्या सर्किटाने सिद्ध केले जाते. आणि आधार-क्रमांक, नाव किंवा पत्ता न दाखविता ‘धारकाचे वय १८ हून अधिक आहे’ एवढेच विधान बाहेर देता येते. ओळखपत्राची छायाप्रत हरघडी कोणाच्या तरी टेबलावर ठेवून येणाऱ्या नागरिकास ह्या सोयीचे महत्त्व सांगावयास नको.

परंतु वयाची तुलना म्हणजे लहानमोठेपणाचा निर्णय, आणि तो द्विमान अंकांच्या बंधनांवर उभा असतो. स्वाक्षरीची संख्या २,०४८ द्विमान अंकांची, तर क्षेत्रातील संख्या २५४ अंकांत संपते. म्हणून स्वाक्षरीचे तुकडे करून, त्यांचे हातचे सांभाळून गणित करावे लागते. अशा रचनेत प्रत्येक तुकडा मर्यादेत आहे, प्रत्येक हातचा योग्य जागी गेला आहे, हे सांगणारी विधाने एकूण एक लिहिलेली असावी लागतात. त्यांतील एखादे राहिले तर बारा वर्षांचा मुलगा सज्ञान ठरू शकेल, आणि दुकानदारापुढे येणाऱ्या सिद्धतेत तसूभरही फरक दिसणार नाही. कागदी दाखला खोटा असला तर त्यावरील खाडाखोड निदान कधीतरी नजरेस येते. येथे ती सोय नाही.

म्हणून ह्या भाषांतील कोणतेही लेखन वाचताना प्रथम सर्व आज्ञा पुसून टाकाव्यात आणि मागे उरलेली विधानेच वाचावीत, ही रीत उपयुक्त ठरते. जे सिद्ध करावयाचे होते ते त्या उरलेल्या विधानांवरूनच निष्पन्न होत असेल, तर सर्किट निर्दोष आहे. पुसलेल्या आज्ञांची आठवण ठेवल्यावाचून ते निष्पन्न होत नसेल, तर लेखकाने मनातील अर्थ कागदावर उतरविलेला नाही. हे वाचन यंत्राकडून पूर्णपणे करवून घेणे अद्याप साधलेले नाही. मोठ्या सर्किटांत द्व्यर्थतेचा शोध घेणारी साधने मध्येच थांबतात. आज्ञार्थ आणि स्वार्थ ह्यांचा भेद चिन्हांत कसा दाखवावा म्हणजे तो वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही, हा प्रश्न गणिताचा जितका आहे तितकाच भाषेचाही आहे. भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास येथे प्रत्यक्ष कामास पुष्कळ वाव आहे. सामायिक संग्रहांतील सर्किटे कोणासही वाचावयास खुली आहेत. त्यांत केवळ आज्ञा देणारे चिन्ह कोठे कोठे आले आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्याचा ताळा कोणत्या विधानाने घेतला आहे, ह्याची नोंद करण्यापासून ह्या अभ्यासास आरंभ करता येईल.